‘असं म्हणतात’ म्हणजे नेमकं कोण म्हणतं? पोर्तुगालचा ज्यू वारसा आणि आपला सिनॉप्सिस

माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं. मला ते फार आवडायचं. वाक्य असं : ‘पोर्तुगालमधल्या ज्यूंनी इन्क्विझिशनला फसवण्यासाठी डुकराच्या मांसाऐवजी कोंबडी आणि पाव भरून आल्येइरा नावाचं सॉसेज तयार केलं.’ विषयाशी जुळणारं, लक्षात राहणारं, शिवाय पोर्तुगालच्या सहलीची माहिती देणाऱ्या कुठल्याही लेखात सापडणारं. सादरीकरणाच्या दिवशी समितीतले एक सर तिथेच थांबले आणि म्हणाले, “हे कुणी पाहिलं?”

मी म्हटलं, “सर, असं म्हणतात.”

“कोण म्हणतं? कधीपासून म्हणतं? आणि त्यांना कसं कळलं?”

मला तिन्ही प्रश्नांची उत्तरं देता आली नाहीत. सिनॉप्सिस दुरुस्तीसाठी परत आला. तेव्हा वाईट वाटलं, पण माझा खरा विषय त्या दिवशी सापडला असं आता वाटतं. पीएचडीच्या तयारीत असलेल्यांना हाच अडथळा सगळ्यात आधी लागतो, म्हणून आजचा लेख त्यावर. उदाहरण पोर्तुगालचं घेते, कारण गेली तीन वर्षं मी त्यातच बुडालेली आहे. आधीच सांगून टाकते, मी अजून पोर्तुगालला गेलेले नाही. पासपोर्ट आहे, प्रवासखर्च मंजूर व्हायचाय. घरबसल्या काय काय करता येतं, हेही त्यामुळे ओघात येईलच.

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही

पोर्तुगाल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ऊन, समुद्र, निळ्या टाइल्स आणि दक्षिणेकडच्या अल्गार्व्हचे किनारे येतात. या देशात मध्ययुगात ज्यूंची मोठी वस्ती होती. १४९२ मध्ये शेजारच्या स्पेनने ज्यूंना हाकलून दिलं, तेव्हा त्यातले बरेच जण सीमा ओलांडून पोर्तुगालमध्ये आले. चारच वर्षांनी, डिसेंबर १४९६ मध्ये, पोर्तुगालचा राजा मॅन्युएल पहिला यानेही देश सोडण्याचा हुकूम काढला. स्पेनच्या राजकन्येशी त्याचं लग्न ठरत होतं आणि तिकडून तशी अट होती.

पण मॅन्युएलला ही माणसं गमवायची नव्हती. व्यापारी, वैद्य, कारागीर निघून गेले तर राज्याचंच नुकसान होतं. त्यामुळे १४९७ मध्ये त्यांना जाऊ देण्याऐवजी सक्तीने बाप्तिस्मा देण्यात आला. कागदावर पोर्तुगालमध्ये एकही ज्यू उरला नाही. उरले ते ‘नवे ख्रिश्चन’. त्यातले काही मनापासून ख्रिश्चन झाले, काही घराच्या आत जुना धर्म पाळत राहिले आणि बहुतेकांचं नेमकं काय चाललं होतं ते आपल्याला बाहेरून सांगता येत नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१५३६ मध्ये पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधणारं न्यायालय, सुरू झालं. ते बंद झालं १८२१ मध्ये. जुने ख्रिश्चन आणि नवे ख्रिश्चन हा कायद्यातला भेद त्याआधी, १७७३ मध्ये, काढून टाकण्यात आला होता.

म्हणजे सव्वातीनशे वर्षं उघडपणे ज्यू म्हणून कुणी नाही, आणि आज त्याच देशात ज्यू वारशाचे पर्यटनमार्ग आहेत. २०११ मध्ये ज्यू वस्त्या असलेल्या गावांचं एक जाळंही उभं राहिलं, ‘रेद द जुदियारियास’. ‘जुदियारिया’ म्हणजे ज्यू मोहल्ला. मग प्रश्न पडतो की जे लपवलं गेलं, पुसलं गेलं, ते आज दाखवतात कसं? आणि दाखवलेलं खरं आहे हे कसं ठरवायचं?

इथून पुढे सहल. प्रत्येक थांब्यावर एकच गोष्ट विचारायची : इथे माझ्यासमोर नक्की कुठल्या जातीचा पुरावा आहे?

थांबा पहिला : लिस्बन, भिंतीमागचं सिनेगॉग

लिस्बनचं शारे तिक्वा सिनेगॉग १९०४ मध्ये उघडलं. इमारत देखणी, पण रस्त्यावरून दिसत नाही. भिंतीच्या आत, अंगणात आहे. पर्यटक सहज म्हणतात, “अजूनही घाबरून लपलेत वाटतं.” खरं कारण कायद्यात आहे. १८२६ च्या सनदेप्रमाणे कॅथलिक सोडून इतर धर्मांची उपासना परकीयांना करता येत होती, मात्र बाहेरून देवळासारख्या न दिसणाऱ्या जागेत. एकोणिसाव्या शतकात मोरोक्को आणि जिब्राल्टरहून आलेल्या ज्यू कुटुंबांनी हा समाज पुन्हा उभा केला आणि त्या चौकटीत बसेल असं सिनेगॉग बांधलं.

इथे दोन पुरावे एकमेकांना धरून आहेत : इमारतीची जागा आणि कायद्याचं कलम. एक दुसऱ्याचं स्पष्टीकरण देतं. ‘घाबरून लपले’ या वाक्याला मात्र कागद लागतो. तो कागद मिळेपर्यंत ते वाक्य आपल्या मनातलं, त्यांच्या मनातलं नाही.

याच शहरात साओ दोमिंगुश चर्चसमोरच्या चौकात २००८ मध्ये उभारलेलं एक स्मारक आहे. एप्रिल १५०६ मध्ये दुष्काळ आणि प्लेगच्या काळात या चर्चमध्ये क्रूसावर उजेड दिसला, लोकांनी चमत्कार म्हटलं. एक नवा ख्रिश्चन म्हणाला की हा साधा उजेडच आहे. त्याला तिथेच मारलं आणि पुढचे तीन दिवस शहरात कत्तल चालली. मेलेल्यांचे आकडे जुन्या लेखनात सुमारे दोन हजारांपासून चार हजारांपर्यंत सापडतात. अशा वेळी आपण काय करतो? सगळ्यात मोठा आकडा उचलतो, कारण तो परिणामकारक वाटतो. तसं करू नका. दोन्ही टोकं द्या आणि कोणता आकडा कुणाचा ते लिहा. मेलेल्यांचा आदर आकडा फुगवून होत नाही. आणि एक विसरू नका, मारले गेलेले लोक कायद्याने ख्रिश्चन होते.

थांबा दुसरा : तोमार, चार खांबांची गोष्ट

तोमार हे देशाच्या आतल्या भागातलं गाव. तिथलं सिनेगॉग पंधराव्या शतकाच्या मध्याला बांधलेलं. १४९६ नंतर या वास्तूने बरेच अवतार पाहिले : तुरुंग, मग चर्चची जागा, मग गवत साठवायची खोली, मग वखार. १९२१ मध्ये ती राष्ट्रीय स्मारक ठरली. १९२३ मध्ये सॅम्युएल श्वार्झ या पोलंडहून आलेल्या ज्यू खाण-अभियंत्याने ती विकत घेतली, साफ करून घेतली आणि १९३९ मध्ये संग्रहालयासाठी सरकारला देऊन टाकली. वास्तूचं आयुष्य असं एकामागून एक नोंदींत सापडतं, तेव्हा संशोधकाच्या जिवात जीव येतो.

आत चार खांब आहेत. पाहुण्यांना सांगतात की हे चार खांब म्हणजे सारा, रिबेका, राहेल आणि लिआ या चार आद्य माता. कोपऱ्यांत वर उलटी बसवलेली मातीची भांडी आहेत. ती आवाज घुमावा म्हणून, असं सांगतात.

आता दोन्ही विधानं शेजारी ठेवून बघा. भांड्यांचं विधान तपासता येतं. आवाजाची चाचणी घेता येते, शिवाय मध्ययुगातल्या युरोपच्या इतर प्रार्थनास्थळांतही अशी भांडी भिंतीत बसवलेली आढळतात, म्हणजे तुलनेला जागा आहे. चार मातांचं विधान तपासायचं तर बांधणाऱ्यांचा काही कागद हवा. नाहीतर छत पेलायला चार खांब लागले म्हणून चार, हे साधं उत्तर तितकंच चालतं. याचा अर्थ चार मातांची गोष्ट टाकून द्यायची का? अजिबात नाही. ती पंधराव्या शतकाचा पुरावा नाही, आजच्या काळाचा आहे. आजचे लोक या वास्तूला कसा अर्थ देतात, याचा पुरावा. माझ्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण त्यावर आहे.

थांबा तिसरा : पोर्तु, भिंतीआडचा कोनाडा

पोर्तु शहरातल्या जुन्या ओलिव्हाल भागात, या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत, चर्चच्या ताब्यातलं एक जुनं घर दुरुस्त करत होते. एका खोट्या भिंतीमागे दगडी कोनाडा निघाला. कोनाडा कशाचाही असू शकतो. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत प्रत्येक भिंतीला कोनाडे असतात, म्हणून प्रत्येक वाडा देऊळ होतो का?

पण इथे एक दुसरी गोष्ट आधीपासून हजर होती. इम्मानुएल अबोआब हा सोळाव्या शतकात पोर्तुमध्ये जन्मलेला ज्यू लेखक. त्याचं ‘नोमोलॉजिया’ हे पुस्तक १६२९ मध्ये छापलं गेलं. त्यात त्याने या भागातल्या सिनेगॉगची, आणि ते कुठल्या रस्त्यावर होतं याची, आठवण लिहून ठेवली आहे. अभ्यासकांनी पुस्तकातली जागा आणि सापडलेला कोनाडा जुळवून पाहिला, तेव्हा तो तोरा ठेवण्याचा कोनाडा असल्याचं मत पुढे आलं.

मला हे उदाहरण सगळ्यात जास्त आवडतं, कारण यातले दोन साक्षीदार एकमेकांना भेटलेले नाहीत. अबोआबला भिंतीमागे काय राहिलंय ते ठाऊक नव्हतं आणि भिंत फोडणाऱ्या गवंड्याने अबोआब वाचलेला नव्हता. दोन स्वतंत्र वाटा एका जागी येतात तेव्हा पुराव्याला वजन येतं. तुमच्या मेथडॉलॉजीच्या पेपरात याला ‘त्रिकोणीकरण’ असा भारदस्त शब्द असतो. मुद्दा इतकाच : दुसरा साक्षीदार पहिल्याचं ऐकून बोलणारा नको.

गंमत बघा, ‘दहा ठिकाणी लिहिलंय’ हा युक्तिवाद नेमका इथेच कोसळतो. आल्येइराची गोष्ट मला दहा लेखांत सापडली होती. दहाही एकमेकांवरून उतरवलेले. म्हणजे साक्षीदार एकच, आणि तोही निनावी.

थांबा चौथा : कास्तेलू द वीद, चौकटीवरची खाच

स्पेनच्या सीमेजवळ डोंगरउतारावर हे पांढऱ्या घरांचं गाव आहे. अरुंद चढाच्या गल्ल्या, टोकदार कमानींचे दगडी दरवाजे. काही चौकटींवर उजव्या बाजूला खाच दिसते. ज्यू घरांच्या चौकटीला मेझुझा लावतात, म्हणजे धर्मवचन लिहिलेला चर्मपत्राचा छोटा तुकडा. ही खाच त्याची, असं सांगितलं जातं. या सीमाभागातल्या इतरही काही गावांत चौकटींवर कोरलेले क्रूस दिसतात. ते नव्या ख्रिश्चनांनी ‘आम्ही आता तुमच्यातलेच’ हे दाखवायला कोरले, असं एक मत आहे.

इथे माझ्या मार्गदर्शक मॅडमनी मला एक साधा नियम शिकवला. त्या म्हणाल्या, “जिथे सापडायला हवं तिथे बघतेस. जिथे सापडायला नको तिथेही बघ.” म्हणजे काय, तर क्रूस फक्त ज्यू मोहल्ल्यात मोजून चालत नाही. जिथे ज्यू कधीच राहत नव्हते अशा गल्ल्यांतल्या चौकटीही मोजायला हव्यात. तिथेही तेवढेच क्रूस निघाले, तर क्रूस हे घराच्या रक्षणासाठी कुणीही कोरत असेल. क्रूसांबद्दल अभ्यासकांत वाद आहे तो नेमका यावरच. खाचेचंही तेच. खाच बिजागरीची, अडसराची, नंतरच्या दुरुस्तीचीही असू शकते. तिची उंची, खोली आणि तिरपेपणा मोजल्याशिवाय काही म्हणता येत नाही.

तुलनेसाठी घेतलेल्या गटाबद्दल आपण प्रयोगशाळेतल्या मुलांकडून ऐकतो आणि ‘हे सायन्सवाल्यांचं’ म्हणून सोडून देतो. इतिहासातही तुलनेचा गट लागतोच. तो गल्लीच्या रूपात येतो एवढंच.

याच गावात मार्च १९८९ मध्ये पोर्तुगालचे राष्ट्राध्यक्ष मारियु सुआरिश यांनी देशाच्या वतीने ज्यूंची माफी मागितली. खाचेबद्दल कितीही वाद असो, ही घटना नोंदलेली आहे. वारसा म्हणजे फक्त जुने दगड नसतात. गेल्या काही दशकांत झालेल्या अशा कृतीही त्याचाच भाग असतात आणि त्यांचे पुरावे मिळवणं तुलनेने सोपं असतं. नव्या संशोधकांनी याचा विचार जरूर करावा.

थांबा पाचवा : बेल्मोंते, जिथे माणसंच आहेत

बेल्मोंते हे डोंगरातलं छोटं गाव. १५०० मध्ये ब्राझीलला आणि तिथून पुढे आपल्या मलबार किनाऱ्यावर आलेला काब्राल इथलाच. तोमारचं सिनेगॉग घेणारे श्वार्झ १९१७ मध्ये या भागात काम करत होते. एका दुकानदाराने त्यांना सावध केलं की अमक्याकडून माल घेऊ नका, तो ज्यू आहे. श्वार्झ स्वतः ज्यू. त्यांनी शोध घेतला. पण तिथल्या लोकांना यांचा विश्वास येईना, जगात आपल्याशिवाय कुणी ज्यू उरले असतील हेच त्यांना खरं वाटत नव्हतं. शेवटी एका वृद्धेने त्यांना एखादी प्रार्थना म्हणायला सांगितलं. त्यांनी हिब्रूमधली ‘शेमा’ म्हटली. सगळे शब्द परके, फक्त ‘अदोनाय’ हा देवाचा उल्लेख तिने ओळखला. तेवढ्यावर दार उघडलं. १९२५ मध्ये श्वार्झ यांनी यावर पुस्तक लिहिलं. आज तिथे १९९६ मध्ये उघडलेलं सिनेगॉग आहे आणि २००५ पासून संग्रहालयही.

इथे प्रार्थना जपल्या त्या बायकांनी, पोर्तुगीज भाषेत, पाठ करून. पुस्तक नाही, पुरोहित नाही. आजीकडून नातीकडे.

आता विचार करा. शतकानुशतकं ज्या घराने खिडक्या लावून शुक्रवारचा दिवा लावला, त्या घरासमोर पर्यटकांची बस थांबते आणि कुणीतरी विचारतं, “तुमच्यापैकी कुणी अजून लपून पाळतं का?” आपणही प्रश्नावली घेऊन तेच विचारणार असू तर आपल्यात आणि त्या बसमध्ये फरक काय? विद्यापीठाच्या नैतिकता समितीचा फॉर्म भरताना कंटाळा येतो, मलाही आला होता. बेल्मोंतेबद्दल वाचल्यावर तो फॉर्म मी दुसऱ्यांदा नीट भरला. ‘माहिती द्यायला नकार देण्याचा हक्क’ ही ओळ तिथे औपचारिक उरत नाही.

थांबा सहावा : फारू, जे उरलं नाही त्याचा पुरावा

फारू म्हणजे अल्गार्व्हचं दार. बहुतेक पर्यटक विमानतळावरून थेट किनाऱ्याकडे पळतात. याच गावात १४८७ मध्ये सॅम्युएल गाकोन याच्या छापखान्यात तोराची पाच पुस्तकं हिब्रूत छापली गेली. पोर्तुगालमध्ये छापलेलं हे पहिलं पुस्तक मानलं जातं. छपाईनंतर दहाच वर्षांत देशात उघडपणे हिब्रू वाचणारं कुणी उरलं नाही. या पुस्तकाची ज्ञात प्रत आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे, फारूमध्ये नाही.

फारूमध्ये काय आहे? एकोणिसाव्या शतकात परतलेल्या ज्यूंची दफनभूमी, १८३८ ते १९३२ या काळातली. म्हणजे गावात जे दिसतं ते दुसऱ्या वस्तीचं, आणि पहिल्या वस्तीचं जे उरलं ते दुसऱ्या देशात. पर्यटक दोन्ही एकत्र करून ‘फारूचे ज्यू’ म्हणतो. मधली साडेतीनशे वर्षं त्या एका शब्दात गडप होतात. लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना आपणही असंच करतो, दोन वेगळ्या काळांतली माहिती एका वाक्यात सांधतो. सलगपणा दिसला की थांबा आणि विचारा की मधे काय होतं.

आता गोव्याकडे

कास्तेलू द वीदमध्ये सोळाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला एक मुलगा जन्मला : गार्सिया द ओर्टा. आईवडील स्पेनहून आलेले, नंतर नवे ख्रिश्चन झालेले. हा वैद्य झाला, १५३४ मध्ये जहाजाने गोव्याला आला आणि परत गेलाच नाही. १५६३ मध्ये गोव्यात छापलेला त्याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ जगभर गाजला. मुंबई बेटही काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. पणजीतल्या बागेला त्याचं नाव आहे.

१५६० मध्ये इन्क्विझिशन गोव्यातही आलं. ओर्टा १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गोव्यात जिवंत जाळलं. १५८० मध्ये ओर्टाची हाडं उकरून जाळण्यात आली.

आता संशोधकाचा प्रश्न : ओर्टा आतून ज्यू होता, हे आपल्याला कशावरून कळतं? त्याच्या ग्रंथावरून नाही, तिथे तो ख्रिश्चन म्हणूनच बोलतो. कळतं ते मुख्यतः इन्क्विझिशनच्या दप्तरातून, नातेवाइकांकडून घेतलेल्या जबान्यांतून. गोव्याच्या इन्क्विझिशनचे बहुतेक कागद नष्ट झाले. लिस्बनच्या तोरी दु तोंबू या राष्ट्रीय अभिलेखागारात जे उरलं, त्यातून ही बाजू विसाव्या शतकात ठळकपणे पुढे आली.

म्हणजे ज्याला जाळलं त्याची ओळख आपल्याला जाळणाऱ्याच्या वहीतून मिळते. जबानी देणारा माणूस कैदेत होता. त्याच्यापुढे छळाची भीती होती. आपण कोणाचं नाव घेतलं तर सुटू, याचा हिशेब तो करत असणार. असा कागद खोटा समजून फेकायचा का? फेकला तर कातारिनाबद्दल काहीच उरत नाही. जसाच्या तसा खरा मानायचा का? मानला तर आपण न्यायाधीशाच्या बाजूला बसतो. मधला मार्ग कष्टाचा आहे : प्रश्न कुणी विचारला, उत्तर कशाच्या भीतीने दिलं, लिहून कुणी घेतलं, आणि इतर जबान्यांशी ते कुठे जुळतं, कुठे नाही. प्रत्येक वाक्यासाठी.

परत आल्येइराकडे

आता माझं वाक्य पुन्हा बघू. आल्येइरा हे पाव, लसूण आणि मांसाचं सॉसेज. उत्तर पोर्तुगालमधल्या मिरांदेला गावचं विशेष प्रसिद्ध. पावाने पोट भरणारं सॉसेज गरीब घरात कुणीही करेल, त्याला धर्म लागत नाही. ज्यूंनीच ते शोधलं असं म्हणायला त्या काळचा कागद हवा आणि तो कुणी माझ्यापुढे ठेवलेला नाही. आजच्या बऱ्याच आल्येइरांत तर डुकराचं मांसही असतं.

पण मला हादरवलं ते वेगळ्याच गोष्टीने. १५३६ मध्ये इन्क्विझिशन सुरू करताना एक जाहीरनामा काढला होता. शेजारी गुपचूप ज्यू आहे हे कसं ओळखावं, याच्या खुणा त्यात दिल्या होत्या : डुकराचं मांस खात नाही, शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावतो, शनिवारी स्वच्छ कपडे घालतो. लोकांनी पाहावं आणि येऊन सांगावं.

माझं वाक्य काय करत होतं? स्वयंपाकघरात डोकावून, ताटात काय आहे ते बघून, माणसाचा धर्म ठरवत होतं. नेमकी तीच पद्धत. माझा हेतू चांगला होता, मला त्यांच्या चातुर्याचं कौतुक होतं. पण तर्क न्यायाधीशाकडून उसना आणलेला होता आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. ज्या घरात कुणाला डुकराचं मांस पचत नसेल, किंवा परवडत नसेल, त्या घराचं काय झालं असेल?

सर ‘कुणी पाहिलं?’ म्हणाले तेव्हा ते फक्त संदर्भ मागत होते. त्या प्रश्नाचं एक उत्तर ‘शेजाऱ्याने पाहिलं आणि जाऊन सांगितलं’ असंही आहे, हे मला नंतर कळलं.

मग आता सिनॉप्सिसमध्ये काय लिहायचं?

मी माझा विषय तीनदा बदलला. तिन्ही मसुदे देते, म्हणजे विषयातून प्रश्न कसा निघतो ते दिसेल.

पहिला : ‘पोर्तुगालमधील ज्यू वारसा पर्यटन : एक अभ्यास’. हा प्रश्नच नाही. पुस्तकाच्या कपाटावरची चिठ्ठी आहे.

दुसरा : ‘पोर्तुगालमधील ज्यू वारसास्थळे खरी आहेत का?’ हा प्रश्न आहे, पण चुकीचा. प्रत्येक ठिकाणाचं उत्तर वेगळं येईल आणि मी पुरातत्त्वाची विद्यार्थिनी नाही.

तिसरा, जो मंजूर झाला : एखाद्या ठिकाणी भौतिक पुरावा कमी असतो तेव्हा पर्यटकांना सांगायच्या कथेत कोणत्या गोष्टी भरल्या जातात, आणि त्या कुठून येतात? याचं उत्तर शोधता येतं. माहितीपत्रकं आहेत, संग्रहालयांची प्रकाशनं आहेत, जुन्या प्रवासपुस्तिकांच्या आवृत्त्या आहेत. एखादी गोष्ट पहिल्यांदा कोणत्या साली छापली गेली, हे मागे मागे जात तपासता येतं. माझं निम्म्याहून जास्त काम घरातल्या टेबलावर झालंय. इन्क्विझिशनचे हजारो खटलेही लिस्बनच्या अभिलेखागाराने डिजिटल करून खुले केलेत. पोर्तुगीज शिकावी लागते, जुनं हस्ताक्षर वाचायला शिकावं लागतं. पण विमानाचं तिकीट लागत नाही.

‘याने काय फरक पडतो?’ हा व्हायवामधला हमखास प्रश्न. माझं उत्तर : २०१३ मध्ये पोर्तुगालने कायदा केला आणि २०१५ पासून, हाकलल्या गेलेल्या ज्यूंच्या वंशजांना नागरिकत्व मागता येऊ लागलं. लाखाच्या वर अर्ज आले, वाद झाले, २०२२ मध्ये अटी कडक करण्यात आल्या. पाचशे वर्षांपूर्वीचा पूर्वज सिद्ध कसा करायचा? आडनावाने? आजीच्या सांगण्याने? घरातल्या पदार्थाने? पुरावा कशाला म्हणायचं, यावर तिथे माणसांचे पासपोर्ट ठरले आहेत.

शेवटी, मी माझ्या टेबलासमोर चिकटवलेले चार प्रश्न देते. कुठलंही आकर्षक वाक्य लिहिण्याआधी मी ते वाचते.

१. हे पहिल्यांदा कुणी आणि कधी म्हटलं?
२. त्याला कळायची सोय होती का?
३. दुसरा साक्षीदार खरंच वेगळा आहे, की पहिल्याचीच नक्कल?
४. मी वापरतेय तो तर्क पूर्वी कुणी, कुणाविरुद्ध वापरला होता?

पहिले तीन कुठल्याही मेथडॉलॉजीच्या पुस्तकात मिळतील. चौथा मला कातारिनाच्या खटल्याने दिला.

आल्येइराचं वाक्य अजून प्रबंधात आहे. आता ते असं आहे : ‘आल्येइरा हे ज्यूंनी इन्क्विझिशनला फसवण्यासाठी शोधल्याचे पर्यटनविषयक लेखनात वारंवार सांगितले जाते.’ त्यापुढे बावीस पानं आहेत, हे कोण, कधीपासून आणि का सांगतं याची.

तुमच्या सिनॉप्सिसमधलं सगळ्यात लाडकं वाक्य आज काढा आणि त्याला पहिला प्रश्न विचारा. उत्तर ‘असं म्हणतात’ आलं तर घाबरू नका. कदाचित तुमचा विषय तिथेच दडलेला असेल.